न जळलेल्या मोटारींचा हिशेब

पिंप्राळा, जळगाव
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप जीवराम भाऊंच्या चरणी पुनमचा नमस्कार.

सप्टेंबरपासून तुम्ही माझा फोन उचललेला नाही. भाऊबीजेला मी ताट करून ठेवले होते. तुम्ही आला नाहीत. म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून थांबतो, पत्र मात्र टेबलावर पडून राहते आणि कधीतरी माणूस ते उघडतो, एवढाच माझा हिशेब आहे.

झालेली गोष्ट आधी सरळ मांडते. आपल्या भडगावच्या बाहेर नवे उपकेंद्र उभे राहिले, त्याला सौर प्रकल्पाची वीज जोडली गेली आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा, पूर्ण दाबाने वीज मिळू लागली. या कामावर झालेला खर्च सार्थ आहे का, हे तपासण्याचा अभ्यास आमच्या महाविद्यालयाकडे होता आणि तो मी केला. त्या अभ्यासात एक रकाना असा होता : कमी दाबामुळे विहिरींवरच्या मोटारी जळतात, त्या जळायच्या थांबल्या तर शेतकऱ्यांचे किती वाचेल? याचे खात्रीचे आकडे कुणाकडेच नव्हते. तुमच्याकडे होते. चौदा वर्षे तुम्ही दुकानात जळकी तार काढून, नवी गुंडाळून भरलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद ठेवली होती : तारीख, नाव, अश्वशक्ती, तार किती लागली. तुम्ही त्या वह्या मला आपण होऊन दिल्यात.

मग सप्टेंबरात उद्घाटनाच्या मांडवात वीज कंपनीच्या साहेबांनी अहवालातला तो परिच्छेद मोठ्याने वाचला, आणि खालचा आधारही वाचला : 'जीवराम वायंडिंग वर्क्स, भडगाव यांच्या नोंदी.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटत होता. आमच्याकडे ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचे नाव छापणे हा मान समजतात. इतक्यात मागून कुणीतरी ओरडले, "जीवराम भाऊ, वही बी तुम्हीच दिन्ही आनि कुलूप बी तुम्हीच लायं!" सगळा मांडव हसला. तुम्ही पंगतीला न बसता उठून गेलात.

ते हसणे मला तेव्हा नीट कळले नव्हते, हे कबूल करते. अहवालात 'वार्षिक बचत' म्हणून जी रक्कम मी लिहिली, तीच रक्कम तुमच्या दुकानाची वार्षिक मिळकत होती. एकच आकडा, दोन घरांतून पाहिलेला. मला तो फक्त एका घरातून दिसला.

मी रडगाणे लिहायला बसलेले नाही. मला एक प्रश्न पडला आहे आणि तो इतका मोठा आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याखेरीज तो समजेल असा माणूस मला ठाऊक नाही. मोटार जळायची थांबली, शेतकऱ्याचे सहा-सात हजार वाचले, हे खरे. पण वाचलेला पैसा गेला कुठे? पुस्तकात तो 'अर्थव्यवस्थेत जातो'. अर्थव्यवस्था म्हणजे कोणता रस्ता, कुणाचे दुकान? दर रविवारी गाडी काढून मी हे शोधणार आहे आणि सापडेल ते तुम्हाला कळवणार आहे. उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

बेबावहिनींना नमस्कार. भाची डिंपलला आशीर्वाद.

आपली,
पुनम


पिंप्राळा, जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप भाऊ,

उत्तर नाही, तरी दुसरे पत्र लिहिते आहे. लहानपणी मी एकदा प्रश्न विचारायला लागले की तुम्ही कानात कापसाचे बोळे घालून मोटार भरत बसायचात, तसेच समजा.

धुळ्याकडून सुरुवात केली. साक्रीकडच्या माळावर सौर पाट्यांची रांग इतकी लांब आहे की शेवटची पाटी उन्हात विरघळल्यासारखी वाटते. तिथला देखरेख करणारा रतिलाल म्हणून एक गृहस्थ भेटला. मी विचारले, भर दुपारी एवढ्या पाट्या बंद का? तो हसला. "मॅडम, सूर्य डोकावर उना का आम्हले फोन येस, कमी करा! दूध उतू जाई राहिनं आनि भांडं ल्हानं, असं शे आम्हनं."

किती नेमके बोलला! गिरणेच्या पाटाचे आपण लहानपणापासून पाहतो. धरण काठोकाठ भरलेले असते, पण चारी अरुंद असली तर टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. विजेचेही तसेच आहे. पाट्या उभ्या करायला वर्ष पुरते. त्यांची वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या तारा, मनोरे आणि उपकेंद्रे उभी करायला चार-पाच वर्षे जातात. मधल्या काळात एकीकडे फुकटचे ऊन वाया जाते आणि दुसरीकडे शेवटच्या खांबावरचा शेतकरी मिणमिणता दिवा पाहत बसतो. म्हणून तारांवर घातलेला रुपया हा नुसता तारांवरचा रुपया नसतो. तो आधीच पाट्यांवर घातलेल्या रुपयाला कामाला लावतो.

आणि टोकाला दाब कमी पडला की मोटार जास्त प्रवाह ओढते, वेटोळी तापतात... पाहा, मी तुम्हालाच मोटार का जळते ते शिकवायला निघाले होते. नुसता वास घेऊन जळालेले वेटोळे ओळखणाऱ्या माणसाला! हसू नका. हसलात तरी चालेल.

आता वाचलेल्या पैशाचा माग. एकाने चारा कापण्याचे यंत्र घेतले. दोघांनी ठिबकच्या नळ्या बदलल्या. एकाने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची रक्कम त्यातून भरली. एकाने 'कुठे गेला ते सांगता येत नाही' असे प्रामाणिकपणे सांगितले आणि त्याची बायको आतून म्हणाली, "माले सांगता येस!"

पण मला चकित केले ते भिकुबाईने. पन्नाशीची बाई, मक्याला पाणी देत होती. मी माझा प्रश्न विचारला : दिवसा वीज आल्याने तुमचे काय बदलले? माझी अपेक्षा होती, रात्रीचे साप-विंचू टळले असे ती सांगेल. ती फावड्यावर हात ठेवून उभी राहिली. "पयले पानी भरनं माणूसनं काम व्हतं, कारण लाईट रातनी व्हती. आते लाईट दिवसा व्हई गयी, मंग ते बाईनं काम व्हई गयं."

"आणि तुमचे मालक काय करतात?"

"पारवर बठस नि लोकेसले सांगस, लाईट कितली चांगली शे!"

भाऊ, हा निष्कर्ष माझ्या एकाही तक्त्यात नव्हता. बचत झाली, पण तिच्या दिवसातले चार तास त्या बचतीत ओतले गेले. चौदा गावांत मी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी उत्तर कुटुंबप्रमुखाने दिले होते.

तेव्हा एक वाक्य पुन्हा काढून वाचले. आमच्या शास्त्रात, एखादे काम नाहीसे झाले तर ते करणाऱ्याचा तोटा हिशेबात धरत नाहीत. कारण असे गृहीत असते की मोकळे झालेले हात लगेच दुसऱ्या उपयोगी कामाला लागतात. अहवालाच्या शेवटच्या पानावर मीही ते जसेच्या तसे उतरवले आहे. 'लगेच' हा शब्द मी लिहिला, पण तो मोजला नाही. मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे : लगेच म्हणजे किती दिवस?

डिंपल एकदा फोनवर म्हणाली की वायंडिंगच्या टेबलावर आता वहिनी कुरडया वाळवतात. तिला रागावू नका. मीच खोदून विचारले होते.

आपली,
पुनम


पिंप्राळा, जळगाव
१६ मार्च २०२५

तीर्थरूप भाऊ,

आज मला माझीच एक मोठी चूक सापडली. कालपर्यंत अभिमानाने दाखवत होते तो आकडा चुकीचा निघाला, आणि तो कसा चुकला हे शोधताना दुपारचे जेवण राहून गेले, इतके ते रंजक आहे. क्रमाने सांगते.

आज सकाळी अभिमन आबांच्या विहिरीवर गेले होते. तुम्ही ओळखता त्यांना. तीन भावांची सामायिक विहीर, तिच्यावर एकच मोटार, आणि पाण्याची बारी दिवसांनी वाटलेली. मी विचारले, मोटार जळली तर खर्च तिघे वाटून घेता का?

"वाटी लेवाना कशाले? ज्यानी बारीमा जळनी, त्यानीच भरी लयानी," आबा म्हणाले.

"मग दुकानातल्या वहीत नाव कोणाचे?"

"त्यानंच. जो लयी गया त्यानं."

"म्हणजे एकाच मोटारीला वहीत तुम्हा तिघांची तीन नावे?"

"तीनच काबरं? एकडाव जावाई उना व्हता. हौसखातर त्यानी बटन दाबं नि मोटार जळनी. त्यानं बी नाव शे!"

"जावयाकडून पैसे घेतलेत?"

आबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी परक्या देशातून आले आहे. "जावाईपाइन कोनी पैसा लेस का, बाई? नाव त्यानं, पैसा मना!"

मी हसले, आणि परतीच्या वाटेवर एरंडोलच्या पुढे गाडी बाजूला लावून थांबले. कारण तेव्हा ध्यानात आले.

वह्यांत एकूण एक हजार आठशे साठ ओळी आहेत. त्यात वेगवेगळी नावे मी मोजली : सहाशे चाळीस. एक नाव म्हणजे एक मोटार, असे धरले. भागाकार केला आणि लिहिले की आपल्याकडची मोटार साधारण पाच वर्षांतून एकदा जळते. पण सहाशे चाळीस ही माणसांची संख्या होती, मोटारींची नव्हे! मोटारी त्याहून बऱ्याच कमी असणार. म्हणजे प्रत्येक मोटार मी लिहिले त्यापेक्षा बरीच जास्त वेळा जळत होती. आकडेशास्त्र मी वीस वर्षे शिकवते आहे, आणि 'ज्याची बारी त्याचा खर्च' ही आपल्या गावची रीत मला माहीत नव्हती. आपल्या शेतात पाणी कधी मी भरलेच नाही. ते तुम्ही भरायचात.

या रीतीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. आबा म्हणाले, "दाब कमी दिखना का जो तो म्हने, मनी बारी उद्या." ज्याच्या हातून जळेल त्याला भुर्दंड, म्हणून दिवा मिणमिणला की कुणीच बटण दाबत नसे. तीन भाऊ एकमेकांच्या बारीची वाट पाहत आणि पीक तिघांचीही वाट पाही. हे नुकसान कुठल्याच वहीत नाही.

आता दुसरी चूक. ती आकड्यांची नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिले की वह्या तुम्ही आपण होऊन दिल्यात. हे वाक्य पुरते खरे नाही हे ठाऊक असून मी ते लिहिले. खरे असे की त्या दिवशी दुकानात मी तुम्हाला म्हणाले होते, "भाऊ, माझ्या मुलांना दाखवायच्या आहेत, नोंद कशी ठेवावी ते." तुम्ही फडक्याने धूळ पुसून त्या माझ्या हाती दिल्यात. वहिनींना हाक मारून म्हणालात, "दख, कॉलेजना पोऱ्या मनी वही वाचतीन." मुलांना मी त्या दाखवल्याही, झेरॉक्स त्यांनीच काढल्या. पण वह्या मी कशासाठी नेते आहे हे मला पक्के ठाऊक होते. सांगितले असते तर तुम्ही कदाचित दिल्या नसत्यात, म्हणून सांगितले नाही. मांडवातला तो माणूस ओरडला तेव्हा तुम्हाला लागले ते त्याचे बोलणे नव्हते. वह्या कशाला नेल्या हे तुम्हाला तेव्हा, चारचौघांत, कळले. हे समजायला मला सहा महिने लागले, असे मी कुणालाही सांगू शकते. तुम्हाला नाही. मला त्याच क्षणी समजले होते.

आपली,
पुनम


पिंप्राळा, जळगाव
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप भाऊ,

सोबतच्या जाड पाकिटात तुमच्या वह्यांच्या झेरॉक्सची दोनशे बारा पाने आहेत. ती का पाठवते आहे ते सांगते. वाचून पाकीट तसेच परत पाठवलेत तरी मी समजून घेईन.

यावलकडच्या केळीच्या पट्ट्यासाठी असेच दुसरे उपकेंद्र आणि नवी वाहिनी प्रस्तावित आहे. माझा अंतिम अहवाल अठ्ठावीस एप्रिलला समितीपुढे जायचा आहे. त्यांची कसोटी सोपी आहे : शंभर रुपये गुंतवले तर पंचवीस वर्षांत, आजच्या मोलाने, निदान एकशे वीस परत आले पाहिजेत. माझ्या हिशेबात एकशे बारा येतात. या आकड्यावर यावलचे काम बाजूला ठेवले जाईल. त्या एकशे बारांतले तीस रुपये मोटारी वाचण्याचे आहेत, आणि ते 'पाच वर्षांतून एकदा' या माझ्या चुकीच्या आकड्यावर उभे आहेत. खरा आकडा साडेतीन वर्षांवर किंवा त्याहून खाली आला, तर एकशे वीसची रेघ ओलांडली जाते. न आला तर नाही. कोणती दोन नावे एकाच मोटारीची, हे जगात फक्त तुम्ही सांगू शकता. अंदाजाने लिहायचे मला धाडस होत नाही. एकदा अंदाजानेच चुकले आहे.

यावलला परवा जाऊन आले. प्रेमराज म्हणून एक तरुण बागायतदार आहे. मागच्या मे महिन्यात त्याची मोटार जळली. भरणाऱ्याकडे अकरा मोटारी आधीच रांगेत होत्या. नऊ दिवस केळीला पाणी नाही आणि पारा पंचेचाळिसावर. घड निसवलेली झाडे मधोमध मोडून पडली. तो मला बागेत घेऊन गेला. नवी लावण हिरवीगार होती, तरी तो बोटाने जागा दाखवत होता : इथून इथपर्यंत.

आणि त्याच रस्त्यावर, त्याची मोटार भरणाऱ्याचे दुकानही मी पाहिले. पत्र्याची शेड, दारात मोटारींची रांग, आत तारेची रिळे, आणि एक माणूस मान खाली घालून तारेचे वेढे मोजत बसलेला. मी आत गेले नाही. काय सांगणार होते?

तुमच्याकडे मी काय मागते आहे हे मला दिसते आहे. ज्या कामाने तुमचे दुकान थांबले, तेच काम आणखी एका तालुक्यात जावे म्हणून तुम्ही मला मदत करावी, असे मी म्हणते आहे. तुम्ही गप्प राहिलात तर कुणालाही कळणार नाही. मी सध्याचाच आकडा 'खात्रीलायक नाही' अशी टीप घालून देईन. या वेळी मी सारे कशासाठी आहे ते आधी सांगितले आहे. एवढाच काय तो फरक.

यंदा आखाजी, म्हणजे कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, तीस तारखेला आहे. गेली पंचवीस वर्षे तुम्ही मला माहेरी न्यायला मुऱ्हाळी पाठवलात. एका वर्षी कुणी नव्हते म्हणून स्वतः एस.टी.ने आलात. यंदाचे मी विचारत नाही. पाने आणि सण यांचा एकमेकांशी संबंध जोडू नका, म्हणून मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहिले.

आपली,
पुनम


भडगाव
२१ एप्रिल २०२५

चि. पुनम हिस,
जीवरामचा आशीर्वाद.

तुझी चारही पत्रे मिळाली. डिंपलने वाचून दाखवली, मग मी परत वाचली. तू फार लांब लिहितेस.

पाने परत पाठवत नाही. त्यांचा उपयोग नाही. मोटार पहिल्यांदा दुकानात आली की मी तिच्या अंगावर छिन्नीने नंबर मारतो आणि तोच नंबर वहीत ओळीच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात लिहितो. माणूस बदलतो, बारी बदलते, मोटार विकली जाते. नंबर बदलत नाही. तुझ्या पोरांनी झेरॉक्स काढताना कोपरा कापला. मी मूळ वह्या काढल्या. बेबाने टेबलावरच्या कुरडया उचलल्या. डिंपल नंबर वाचत गेली, मी मांडत गेलो. आठ दिवस लागले. दुसरे काम नव्हतेच.

मोटारी सहाशे चाळीस नाहीत. चारशे तीन आहेत. अभिमन आबांची मोटार एकटी अकरा वेळा आलेली आहे, सहा नावांनी. जावई दोन आहेत, एक नाही. आबाने तुला एकच सांगितला.

आता दुसरे. एक हजार आठशे साठ ओळी सगळ्या धरू नको. त्यातल्या सत्तावन्न कमी कर. त्या मोटारी महिन्याच्या आत परत आल्या होत्या. माझ्या भरण्यात खोट राहिली होती. कधी वेटोळ्याखालचा कागद नीट बसला नाही, कधी वॉर्निश वाळू दिले नाही, सीझनमध्ये दारात रांग असायची. लोकांना मी तेव्हा सांगितले की व्होल्टेज कमी आहे, त्याला मी काय करू. सगळ्यांनी ऐकून घेतले. व्होल्टेजवर कोणाचाही विश्वास बसत होता. तर ते सत्तावन्न तुझ्या लाईनच्या माथी मारू नको. ते माझे आहेत. हे बेबालाही माहीत नव्हते. डिंपलला परवा कळले, कारण त्या ओळींपुढे बारीक 'प' आहे आणि तिने विचारले, प म्हणजे काय. परत, म्हटले.

भागाकार मी पण केला. तीन वर्षांतून एकदा येते, थोडे वर. तुझे एकशे वीस होतात का ते तू बघ. होत असतील तर होऊ दे. केळीला नऊ दिवस पाणी नाही ही गोष्ट वाचली. माझ्या दारात पण मोटार नऊ-नऊ दिवस पडून राहायची. तिकडे बाग जळत असेल असे मनात यायचे, आणि रांग मोठी आहे याचे बरेही वाटायचे. दोन्ही वाटायचे.

मला वही मागायची तर काम सांगून मागायची होती. तुला दिली असती. दिली नसती असे तू लिहिलेस, ते चूक. तुला माझ्या मोटारी मोजता आल्या नाहीत, तसे हे पण.

एक गोष्ट अहवालात लिही, नाही तर माझा आकडा वापरू नको. तू लिहिलेस की मोकळे झालेले हात लगेच दुसऱ्या कामाला लागतात. ते खोडू नको. त्याच्या खाली लिही : जीवराम वायंडिंग वर्क्स, भडगाव. सप्टेंबरात काम बंद. सात महिने झाले, लगेच अजून आलेले नाही. आले तर कळवीन. दुकानाचे नाव पूर्ण लिही, मागच्या वेळी लिहिले होतेस तसेच. यावलच्या त्या शेडमध्ये जाऊन त्या माणसाला पण आधी सांग. त्याच्या हातात चार-पाच वर्षे आहेत. मला एक मांडव मिळाला.

मूळ वह्या पोस्टाने पाठवत नाही. हरवतील. इथे येऊन तपास, डिंपलचे वाचलेले बरोबर आहे का ते तूच बघ, तुझी सही लागेल ना? तुझी तारीख अठ्ठावीस आहे. त्याच्या आधी ये. तपासून झाले की कागद डिंपल नेऊन देईल जळगावला. मग दोन दिवस राहा, तीसला आखाजीच आहे. पुरणाचे बेबा बघते आहे.

मुऱ्हाळी कोणी येणार नाही. डिंपलची परीक्षा सव्वीसपर्यंत आहे, माझे गुडघे दुखतात. रस्ता तुले मालूम शे. दुपारनी एस.टी.ले बस. ऊन शे म्हनीसन काळजी करू नको, आते आपला गावमा दिवसा लाईट ऱ्हास. पंखा चालस.

जीवराम